भरलेली गाडी उशिरा थांबते की नाही? पोरगं म्हणतं वजनाचा संबंधच नाही

पिकअपवाला_पिंपळगाव

नमस्कार मंडळी. माझी पिकअप आहे, पिंपळगाव मार्केटमधून वाशीला टोमॅटो नेतो, टोमॅटो संपला की कांदा. बावीस वर्षं झाली स्टिअरिंगवर. परवा रविवार होता म्हणून पोरगं सोबत आलं होतं, बारावी सायन्सला आहे. कसारा घाट उतरून खाली लागलो, पाऊस भुरभुर चालू, गाडी साठच्या आसपास, आणि डाव्या बाजूच्या गवतातून एक म्हातारे बाबा म्हैस घेऊन एकदम रस्त्यावर आले. ब्रेक दाबला, गाडी थोडी तिरपी झाली पण थांबली, म्हशीच्या आणि बंपरच्या मधे दोन हात जागा राहिली असेल. आणि गाडी थांबता थांबताच मागून धाडकन आवाज आला, सगळी कॅरेट सरकून केबिनवर आदळली, माझी मान पुढे गेली. दहा-बारा कॅरेटचा लगदा झाला तो वेगळा.

तर मी पोराला म्हणालो की बघ, माल भरलेला असला की गाडी लवकर थांबत नाही, रिकामी असती तर दहा फूट आधीच थांबली असती. तो म्हणतो पप्पा, पुस्तकात थांबायच्या अंतराचं जे सूत्र आहे त्यात वजन येतच नाही, वर एकदा येतं खाली एकदा येतं, कटून जातं. कागदावर करूनही दाखवलं आणि खरंच कटतंय. पण माझा पाय काय खोटं बोलतो का? वाशीहून रिकामी गाडी आणताना नुसता पाय ठेवला तरी धरते, आणि भरलेली असताना आधीपासून दाबत यावं लागतं, हे मी रोज बघतो.

मला वाद जिंकायचा नाहीये. पुढच्या वर्षी त्याला अठरा पूर्ण होतील, लायसन काढेल, त्याच्या डोक्यात चुकीचं बसायला नको आणि माझ्या डोक्यात चुकीचं असेल तर मलाही कळू दे. जाणकारांनी नीट समजावून सांगा, मी दहावीपर्यंतच शिकलोय.

---

फिजिक्स_मॅडम_नाशिकरोड

दादा, आधी हे सांगा तुम्ही दोघं ठीक आहात ना, मान दुखत असेल तर डॉक्टरला दाखवून घ्या, दोन दिवसांनी जास्त दुखतं कधीकधी.

आता प्रश्नाकडे येते. मी ज्युनिअर कॉलेजला हेच शिकवते, आणि इतक्या वर्षांत इतका चांगला प्रश्न वर्गात क्वचित आलाय. तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त दोघं दोन वेगळ्या ब्रेकबद्दल बोलताय.

मुलाचं सूत्र काय म्हणतं ते बघा. गाडी थांबवतं कोण? ब्रेक नाही, रस्ता थांबवतो. ब्रेक फक्त चाकाला धरतो, पण गाडीला मागे ओढणारा जोर टायर आणि डांबर यांच्या घर्षणातून येतो. माल दुप्पट झाला तर गाडी थांबवायला जोर दुप्पट लागणार, हे तुमचं म्हणणं. पण माल दुप्पट झाला की टायर रस्त्यावर दाबलाही दुप्पट जातो, म्हणून पकडही दुप्पट मिळते. दोन्ही दुप्पट, हिशोब फिटला, म्हणून वजन कटतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ही पकड वजनाच्या साधारण ०.७ पट धरतात. त्या हिशोबाने ६० च्या वेगाला नुसतं ब्रेकचं अंतर येतं २० मीटर, आणि ८० ला ३६ मीटर. वेग फक्त २० ने वाढला पण अंतर जवळजवळ दुप्पट झालं, कारण वेगाचा वर्ग येतो. ओल्या रस्त्यावर पकड ०.४ धरली तर ६० लाच ३५ मीटर लागतात. आणि हे सगळं पाय पॅडलवर पोचल्यानंतरचं. म्हैस दिसल्यापासून पाय दाबेपर्यंत एक सेकंद गेला असेल तर त्या एका सेकंदात गाडी ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर आधीच पुढे गेलेली असते. म्हणजे परवा पावसात तुम्हाला सगळे मिळून पन्नासेक मीटर लागले असणार.

पण या सूत्रात एक अट लपलेली असते आणि पुस्तकात ती एका ओळीत उरकतात. ब्रेक इतका जोरात दाबलाय की टायरची पकड शेवटपर्यंत वापरली गेली, अजून थोडं दाबलं तर चाक घसरेल, हे त्यात धरलेलं असतं. तुम्ही रोज असा ब्रेक मारता का? नाही. रोज तुम्ही हलका पाय ठेवता, सिग्नल आला, टोल आला, ठरावीक जोर. तेव्हा मागे ओढणारा जोर तुमचा पाय ठरवतो, टायरची पकड नाही, आणि तो जोर वजनाबरोबर वाढत नाही. मग वजन कटत नाही. रिकामी गाडी समजा १७०० किलो आणि भरलेली ३०००, पाय तेवढाच दाबला तर भरलेली पावणेदोन पट लांब जाऊन थांबणार. तुमचा पाय बावीस वर्षं हेच सांगतोय आणि खरं सांगतोय.

घरी करून बघायला एक प्रयोग देते, दोघांनी मिळून करा. एक लाकडी फळी घ्या, तिच्यावर काड्यापेटीच्या दोन सारख्या पेट्या ठेवा, एक रिकामी आणि एकीत नाणी ठासून भरलेली. फळी एका बाजूने हळूहळू उचलत जा. आधी सांगा कोणती पहिली घसरेल, मग बघा. मोबाईलमध्ये कोन मोजायची सोय असते, घसरली त्या क्षणाचा कोन लिहून ठेवा.

---

अंबड_गॅरेज

मॅडमनी छान सांगितलं. मी गॅरेजवाला, पिकअप आणि छोटा हत्तीच जास्त येतात माझ्याकडे, तर लोखंडाच्या बाजूने थोडं सांगतो.

भाऊ रिकामी गाडी लवकर थांबते हे पण नेहमी खरं नाही, हे पोराला नक्की सांगा कारण नवीन पोरं रिकाम्या गाडीतच मार खातात. पिकअपचा मागचा भाग रिकामा असला की एकदम हलका, पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या कडक, जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं जवळजवळ उचलली जातात आणि लगेच लॉक होतात. लॉक झालं की चाक घसरतं, आणि मागची चाकं घसरली की ढुंगण फिरतं, गाडी आडवी. म्हणून बऱ्याच गाड्यांना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली, माल भरला की पाटे दबतात दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडते, रिकामी असली की कमी. आता लोक काय करतात की पाटे वाढवतात जास्त माल भरायला, मग गाडी दबतच नाही, व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, मागचे ब्रेक अर्धेच लागतात. वरून दीड टनाच्या जागी अडीच टन माल. मग मॅडमचं ते सूत्र लागू होत नाही कारण पाय फुटबोर्डला टेकेपर्यंत दाबला तरी ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपर्यंत पोचतच नाही.

दुसरी गोष्ट घाटाची. तुमची गाडी थोडी तिरपी झाली म्हणालात, घाट उतरल्या उतरल्या, मला त्याच्यावरच शंका आहे. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलात का गेअरवर? खरं सांगा. माझ्याकडे गाडी येते, ड्रम म्हणजे चाकातला ब्रेकचा गोल डबा काढला की आतून निळा पडलेला असतो, त्याला आतून घासणारी पट्टी म्हणजे लायनर काचेसारखा चकाकतो, बोट फिरवलं तर गुळगुळीत. तो जळालेला लायनर असतो. तापला की पकड जाते, ड्रम तापून फुगतो त्यामुळे पॅडल पण जास्त खाली जातं. आणि एका बाजूचा जास्त तापला दुसऱ्या बाजूचा कमी तर गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेक ऑइलचं तर विचारूच नका. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार, डॉट ३ नवं असताना २०५ डिग्रीच्या पुढे उकळतं, डॉट ४ २३० च्या पुढे. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात जास्तच, आणि पाणी शिरलं की डॉट ३ ची हद्द १४० पर्यंत खाली येते. घाटात तेवढं तापलं की आत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल भसकन खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. अरे फेल नाही झाला, तो उकळला. दोन वर्षांत एकदा ऑइल बदला, फार खर्च नाही.

---

पिकअपवाला_पिंपळगाव

गॅरेजवाले भाऊ खरं सांगतो, पाऊस होता म्हणून हळू उतरत होतो, तिसऱ्या गेअरला होतो पण पाय ब्रेकवरच होता जवळजवळ सगळा वेळ. खाली आल्यावर वास पण आला होता, पुढच्या ट्रकचा असेल म्हणून सोडून दिलं. उद्याच ड्रम उघडून घेतो.

मॅडम तुमचं पोराला वाचून दाखवलं. पाय पण खरा आणि सूत्र पण खरं हे ऐकून घरात शांतता झाली. पण त्याचा आणि माझा आता एकच प्रश्न राहिलाय, ती कॅरेट केबिनवर आली कशी? दोर बांधलेला होता वरून ताडपत्रीसकट. पोरगं म्हणतं न्यूटनचा पहिला नियम, गाडी थांबली माल थांबला नाही. ते ठीक, पण एवढा जोर? मागची पत्र्याची भिंत चांगली आत गेलीये.

---

फिजिक्स_मॅडम_नाशिकरोड

दादा, केबिनची मागची भिंत आणि पहिल्या रांगेतली कॅरेट यांच्यात फट होती का? किती होती?

---

पिकअपवाला_पिंपळगाव

होती. त्या दिवशी कॅरेट कमी होती, हमालांनी मागच्या फाळक्याकडून भरायला सुरुवात केली, पुढे दीड फूट मोकळं राहिलं. उतरवायला सोपं जातं म्हणून बऱ्याचदा तसंच भरतात.

---

फिजिक्स_मॅडम_नाशिकरोड

मग सगळं त्या दीड फुटातच आहे. हिशोब मांडते, आकडे ढोबळ आहेत, रस्ता आणि हौदा दोन्ही कोरडे धरलेत, पण गोष्ट खरी आहे.

माल एक टन धरा. दाबून ब्रेक मारला की गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण २१ किमीने कमी होतो. मालाला त्याच गतीने थांबवायचं तर त्याला मागे ओढणारं कोणीतरी हवं, आणि तिथे हौद्याचा पत्रा आणि प्लॅस्टिकचं कॅरेट यांच्यातल्या घर्षणाशिवाय कोणी नाही. मालाला हवाय त्याच्या वजनाच्या ०.६ पट जोर, पत्रा देतो ०.३ पट, तेही कोरडा असताना. म्हणजे अर्धाच जोर मिळाला. उरलेला अर्धा म्हणजे ३०० किलोचा जोर, तेवढा कमी पडतो म्हणून माल पुढे सरकायला लागतो.

आता फट नसती तर? कॅरेट भिंतीला टेकलेलीच असती, भिंतीने ते ३०० किलो शांतपणे पेलले असते, तुम्हाला आवाजही आला नसता. पण फट होती. तो ३०० किलोचा जोर दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर मालाला पळवत राहिला. आणि मग भिंतीने त्याला थांबवलं किती अंतरात? पत्रा आणि कॅरेट मिळून पाचेक सेंटिमीटर दबले असतील. आधीचे ४५ आणि हे ५ मिळून ५० सेंटिमीटरमध्ये जमा झालेलं सगळं ५ सेंटिमीटरमध्ये उतरवायचं, म्हणजे जोर दहापट. तीन टन. एक टन मालाने तुमच्या पाठीमागे तीन टनाचा धक्का मारला, आणि तेव्हा माल गाडीच्या मानाने फक्त ६ किमीच्या वेगाने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढ्याच वेगाने सरकत होता.

दोर वरून होता म्हणालात. वरून बांधलेला दोर मालाला खाली दाबतो, तेवढं घर्षण वाढतं, पण ताडपत्रीसकट बांधलेला दोर प्रवासात ढिला पडतो आणि पुढे सरकणाऱ्या मालाला तो थेट अडवत नाही.

घाटाबद्दल गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं त्याला एक आकडा जोडते, कारण मी स्वतः तो काढला तेव्हा थक्क झाले होते. इगतपुरी ते कसारा उंचीचा फरक साधारण ३०० मीटर आहे. तीन टनाची गाडी ३०० मीटर खाली आणायची तर जेवढी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते ती म्हणजे ६० च्या वेगावरून एकवीस वेळा गाडी पूर्ण थांबवण्याएवढी. तेवढ्या उष्णतेत २८ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत येतं. मोठा हंडाभर पाणी. ते सगळं चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओतायचं, की खालचा गेअर ठेवून इंजिनला आणि रेडिएटरला द्यायचं, हा तुमच्या हातातला निर्णय आहे. त्याच घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, आपल्याला डब्यात बसून तो जाणवतही नाही, तरी कसाऱ्याहून वर यायला बऱ्याच गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात.

---

सातपूर_सेकंड_शिफ्ट

मी टू-व्हीलरवाला आहे, रोज सिडकोतून सातपूरला. दोन वर्षांपूर्वी सिग्नलला उभा होतो, मागून एका पिकअपने ठोकलं, पन्नासच्या आसपास वेग असेल, ओळखीचं कोणी नाही आणि मला कोणाला नावं ठेवायची नाहीत. मी उडून डिव्हायडरवर, हेल्मेटला मागे केसाएवढी चीर गेली, डोकं शाबूत. पिकअपवाले दादा उतरले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, ते सारखं म्हणत होते की मला तर जाणवलं पण नाही रे. तेव्हा मला राग आला होता. आता मॅडम हे खरं असू शकतं का ते विचारायचंय, कारण तिसऱ्या नियमात तर म्हणतात जोर दोघांना सारखाच लागतो.

---

फिजिक्स_मॅडम_नाशिकरोड

खरं असू शकतं, आणि तुम्ही वाचलात याचा फार आनंद झाला.

जोर दोघांना सारखाच लागतो, त्यात शंका नाही. पण सारख्या जोराने कोणाचा वेग किती बदलतो ते वजनावर आहे, आणि दुखापत वेगाच्या बदलाने होते. पिकअप ३००० किलो, तुम्ही आणि स्कूटर मिळून १८० किलो धरू. पिकअप ५० ने येऊन उभ्या स्कूटरला धडकली आणि क्षणभर दोघं एकत्र पुढे गेले तर संवेगाच्या, म्हणजे वजन गुणिले वेग या हिशोबाने दोघांचा वेग होतो ४७ किमी. म्हणजे पिकअपचा वेग ३ किमीने कमी झाला, ब्रेकला हलका पाय लागल्यासारखं. आणि तुमचा शून्यावरून ४७ झाला, डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यांना जाणवलं नाही हे त्यांचं खोटं नव्हतं.

हेल्मेटचं पण तेच, अंतराचं. ३० च्या वेगाने डोकं आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून डोक्यावर पडणं. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दोन-तीन सेंटिमीटर दबतो आणि तेवढ्या अंतरात डोकं थांबतं. तो थर नसेल तर थांबायला दोन-तीन मिलिमीटरच मिळतात. दहापट. कॅरेटच्या गणितात होतं तेच दहापट. एकदा दबलेला थर परत फुगत नाही म्हणून चीर गेलेलं हेल्मेट वापरत असाल तर कृपा करून आजच बदला.

---

अंबड_गॅरेज

सातपूरवाले भाऊ, त्या पिकअपवाल्याला त्या दिवशी जे जाणवलं नाही ते प्रत्येक ड्रायव्हरने वाचावं असं आहे. मी मॅडमचा तो ३ आणि ४७ चा हिशोब गॅरेजच्या पाटीवर लिहून ठेवलाय खडूने, गाडी घ्यायला येतात ते वाचत उभे राहतात.

---

पिकअपवाला_पिंपळगाव

मंडळी, हे पोरगं टाईप करतंय पप्पांच्या आयडीवरून, पप्पा बाजूला बसलेत.

काड्यापेटीचा प्रयोग केला. पप्पा म्हणाले भरलेली आधी घसरेल, आई म्हणाली रिकामी. दोन्ही २२ डिग्रीच्या आसपासच घसरल्या, पाच वेळा केलं, एखाद-दोन डिग्री इकडे तिकडे. पप्पा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले खरं कॅरेट आण.

मग अंगणात पत्र्याच्या तुकड्यावर खरं कॅरेट ठेवून केलं, एकदा रिकामं आणि एकदा वीस किलो टोमॅटो भरून, पत्रा मी आणि काकांनी धरला होता. १६-१७ डिग्रीला घसरलं दोन्ही वेळा. घसरायच्या कोनाचा टॅन म्हणजेच घर्षण वजनाच्या किती पट ते, तो मी काढला, ०.३ येतो, मॅडमनी जो धरला होता तोच. पत्र्यावर पाणी मारलं तर १२ लाच गेलं. मग पप्पांनी जुनी रबराची मॅट आणून पत्र्यावर टाकली, तर ३० च्या पुढे गेलो तरी हललं नाही, पुढे आमचेच हात दुखायला लागले म्हणून सोडलं.

ड्रम उघडले. डावीकडचा मागचा लायनर चकाकत होता, अगदी सांगितलं तसाच, मी बोट फिरवून बघितलं. दोन्ही बाजूचे बदलले, ऑइल पण बदललं, जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं.

पप्पा लिहायला सांगतायत की हौद्यात पूर्ण रबर टाकून घेतलंय, आणि हमालांना सांगितलंय की भरायला सुरुवात केबिनकडून करायची, माल कमी असला तर मोकळी जागा मागे फाळक्याकडे ठेवायची आणि तिथे आडवी फळी टाकून बांधायचं. सोमवारी पहिली खेप आहे. घाटात दुसऱ्या गेअरला उतरणार म्हणतात, अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.